बिनचेहऱ्याचा अग्निराक्षस

मावशी एकोणीस वर्षं फाउंड्रीत भट्टीवर काम करत होती. वितळलेलं लोखंड ओतायला तयार आहे की नाही, हे ती नुसत्या रंगावरून लांबूनच सांगायची. उजवी भुवई एका ठिणगीने नेली ती परत उगवलीच नाही. कोणी विचारलंच, तर "दुसरी आहे की शाबूत," म्हणायची.

रविवारी भाचीच्या घरी चार-पाच मैत्रिणी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळत. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले योद्धे व्हायचं, फासे टाकायचे आणि राक्षसांशी लढायचं. एकदा एक जण कमी पडली म्हणून मावशीला बसवलं. त्या दिवशी गोष्टीत एक अग्निराक्षस आला आणि बादलीभर पाण्यात खलास झाला. मावशीचा पारा चढला.

"हा राक्षस आहे की काडेपेटीतली काडी?" म्हणत तिने तिथल्या तिथे वही मागून घेतली.

तीन आठवडे खपून तिने स्वतःचा राक्षस लिहून काढला. त्याला चेहरा नव्हता. लाल असताना तो सगळ्यांत दुबळा, पिवळा झाला की घातकी आणि पांढरा झाला की त्याच्याकडे बघवतही नाही. पाणी टाकलं, तर स्फोट होऊन टाकणाराच भाजतो. हरवायचं तर धीर धरायचा, वारा अडवायचा आणि त्याला निवू द्यायचं. भाचीने तो राक्षस असल्या खेळांची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीला पाठवला. बोलावणं आलं.

संपादक गोड बोलला. "कल्पना झकास आहे, मावशी. फक्त थोडे बदल." त्याने एक चित्र पुढे सरकवलं. ज्वाळांचे केस, बारीक कंबर, लालभडक ओठ.

"ही कोण?"

"तुमचा राक्षस. असंच खपतं. आणि पाण्याने मरू दे त्याला, लोकांना तेच ठाऊक असतं."

"आगीला कंबर नसते," मावशी म्हणाली. "आणि वितळलेल्या लोखंडात पाणी गेल्यावर काय होतं, ते मी पाहिलंय. माझ्या शेजारचा माणूस त्यात गेला. तुमच्या खपासाठी मी खोटं लिहिणार नाही."

भाचीने टेबलाखालून तिचा हात दाबला. मावशीने तो सोडवून घेतला आणि सरळ उठली.

रस्त्यात भाची फणफणली, "चालून आलेली संधी लाथाडलीस तू!"

"लाथाडली. मग?"

दहा दिवसांनी संपादकाचा फोन आला. कचेरीतल्यांनी तो राक्षस खेळून पाहिला होता. चार वेळा कोणीतरी पाणी टाकलंच आणि सगळे मेले.

"पाचव्यांदा जिंकलो!" त्याचा आवाज हर्षाने फुलला होता. "आहे तसाच छापू. चित्रही नको. फक्त तुमच्या नावाखाली 'संकल्पनाकार' लिहू, बरं दिसतं."

"भट्टी कामगार लिहा. नाहीतर राहू द्या."

"तसं कोणी लिहीत नाही हो."

"मग मी पहिली."

खेळाचं पुस्तक छापून आलं, त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. तिने आपल्या राक्षसाचं पान काढलं, नावाखालच्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं आणि पुस्तक सगळ्यांना दाखवायला डब्याच्या पिशवीत टाकून ती कामावर गेली.