हिरव्या दोऱ्याचा सिगार

भिंगकाकांचा सगळा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेला. दुकान दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं. यांच्या वाट्याला मागची खोली, घासायचं चाक, त्यावर ठिबकणारं पाणी आणि समोर भिंत. लोकांना लांबचं दिसावं म्हणून हा माणूस आयुष्यभर हातभर अंतरावर बघत राहिला, असं त्यांची बायको म्हणायची. ती स्वतः रफू करायची. कोटाला पडलेलं भोक तिच्या हाताखालून गेलं की कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडत नसे. तेव्हा हातभर अंतरावर बघण्यात तीही काही कमी नव्हती.

अशा माणसाला सिगारचा शौक कसा लागला, असं कोणीही विचारेल. झालं असं की एका गिऱ्हाइकाला चष्मा फार मनासारखा बसला. त्याने खूश होऊन मागच्या खोलीत डोकं घातलं आणि काकांच्या ओल्या हातावर एक सिगार ठेवला. हाताने वळलेला, चॉकलेटी, कमरेला सोनेरी कागदाची पट्टी. काकांनी तो घरी नेऊन ओढला, नवख्या माणसासारखा भराभर, आणि त्यांना घेरी आली. पण दुसऱ्या दिवशी चाकाशी बसले तरी भाजलेल्या बदामाची चव जिभेवरून हलेना. तेव्हापासून रविवारची दुपार आणि एक सिगार, हे ठरून गेलं. यंत्रावर वळलेले सिगार त्यांनी कधी तोंडाला लावले नाहीत. त्यांना ते 'कारखान्याची चिमणी' म्हणत.

तंबाखूच्या दुकानाचा मालक शौकिनांसाठी एक लहानसं मासिक काढायचा. त्यात काका सिगारची परीक्षणं लिहू लागले. पान कसं वळलंय, जळताना कड सरळ राहते की एका अंगाने पळते, राख किती वेळ धरून राहते, चव कुठे सुरू होऊन कुठे जाते. लिहायचे बेतानेच, पण नेमकं लिहायचे. एकदा त्यांनी एका सिगारबद्दल लिहिलं होतं, 'सुरुवात पाहुण्यासारखी, शेवट जावयासारखा.' दुकानदार ते वाक्य वर्षभर गिऱ्हाइकांना ऐकवत होता.

त्या परीक्षणांची एक पद्धत होती आणि ती बायकोने घालून दिली होती. अगदी पहिलं परीक्षण वाचूनच ती म्हणाली होती, "अहो, हे तुम्ही सिगारला मार्क दिलेत की पट्टीवरच्या राणीला?"

काकांना राग आला. पण रात्रभर विचार करून सकाळी ते म्हणाले, "मग तूच काढून दे पट्ट्या. मला कळता कामा नये."

झालं. तेव्हापासून नवे सिगार आले की ती ते स्वयंपाकघरात घेऊन जाई. कागदी पट्टी ओढून काढली तर वरचं पान फाटतं. ती पट्टीवर तोंडाची वाफ सोडायची आणि अंगठ्याने हळूहळू फिरवत पट्टी उतरवायची. मग प्रत्येक सिगारला रफूच्या डब्यातला एकेक रंगीत दोरा सैलसर बांधायची. लाल कोण, पिवळा कोण, हे तिला एकटीला ठाऊक. बरं, या वेळचा लाल तो पुढच्या वेळचा लाल नव्हे. लिहून ठेवायची तर बातच सोडा. "माझ्या डोक्यात आहे," म्हणायची. काढलेल्या पट्ट्या ती बारीक फाडून नळाखाली धरायची, कारण एकदा हे गृहस्थ केराच्या टोपलीत वाकलेले सापडले होते.

तिला सिगारची नावं घ्यायला जमत नसत, म्हणून तिने पट्टीवरच्या चित्रांवरून आपली नावं पाडली होती. राणी, जहाज, मिशीवाला, दोन सिंह. पुढे काकाही तेच बोलायला लागले. रविवारी ते गॅलरीत बसायचे, ती दारात स्टूल टाकून हातात कोणाचा तरी कोट घेऊन बसायची. धूर आला की नाक मुरडायची, पण उठायची नाही. अर्धा सिगार झाला की काका ओळखायला लागत.

"मिशीवाला."

"नक्की?"

"थांब. नाही, मिशीवालाच."

"लिहा मग तसं." आणि सुई ओवत, वर न बघता, "चुकलात. जहाज."

हे 'चुकलात' ऐकलं की काकांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. एकदा तर त्यांनी आपल्या लाडक्या राणीलाच 'ओल्या पुठ्ठ्याची चव' असं लिहून ठेवलं. कळल्यावर म्हणाले, त्या दिवशी मला सर्दी होती. बायको म्हणाली, "मग सर्दी झाली होती असंही छापा." आणि तसं छापून आलंही. त्या परीक्षणानंतर शौकीन मंडळी काकांच्या शब्दाला किंमत द्यायला लागली. काका बरोबर ओळखत तेव्हा बायको नुसतं "हं" म्हणायची. काकांचं मत असं, की त्या 'हं'मध्ये फारशी मजा नव्हती.

मग ती आजारी पडली. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी, कपड्यांची पिशवी भरून झाल्यावर, ती काकांची सिगारची पेटी घेऊन स्वयंपाकघरात बसली. दुकानदाराने नुकतेच काही नवे-जुने सिगार पाठवले होते. काका म्हणाले, "अगं, आत्ता कशाला?" ती म्हणाली, "मी नाही म्हणून तुम्ही पट्ट्या बघून लिहाल. माहितीये मला." दोरे बांधून तिने झाकण लावलं आणि पेटी काकांच्या हातात दिली. "आले की बघू, किती चुकताय ते."

ती आली नाही.

पेटी गॅलरीच्या दाराशी टेबलावर राहिली. काकांनी ती उघडली नाही. हे आता समजून घ्यायला हवं. पेटीच्या झाकणाला आतून एक डबी असते, डबीत ओला स्पंज. तो वरचेवर भिजवावा लागतो, पेटीला अधूनमधून हवा दाखवावी लागते, नाहीतर सिगार वाळतात. हे काकांना कोणी सांगायला नको होतं. 'ज्याला पेटी सांभाळता येत नाही त्याने पेपरमिंट चघळावी,' असं त्यांनीच एकदा मासिकात लिहून दोन-चार लोकांना दुखावलं होतं. पण ते झाकण तिने लावलेलं होतं. आतली हवा तिने कोंडलेली होती. काका येता-जाता झाकणावर हात ठेवायचे आणि पुढे जायचे. वाळतात हे त्यांना माहीत होतं. माहीत असून ते त्या गोष्टीकडे बघत नव्हते.

दुकानदाराचा फोन आला की ते सांगायचे, "बघू, पुढच्या महिन्यात."

मुलगी सुट्टीच्या दिवशी येऊन घर आवरून जाई. एका रविवारी तिने टेबल पुसायला पेटी उचलली आणि आत खडखड वाजलं.

काका खुर्चीतून उठलेच. जपलेला सिगार मऊ असतो, तो खडखडत नाही.

"काय झालं, बाबा?"

"ठेव. ठेव ती खाली."

त्यांनी झाकण उघडलं. लाल दोऱ्याच्या सिगारचं पान उकलून गेलं होतं. पिवळ्याला बोट लावलं तर त्याचा चुरा झाला. पांढरा उभा तडकलेला. दोरे मात्र जिथल्या तिथे होते, सैलसर, तिच्या गाठीचे. सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात, हिरव्या दोऱ्याचा एक सिगार होता. तो कडक झाला होता, पण अखंड होता.

काका म्हणाले, "मी मारले हे."

"बाबा, सिगार आहेत हो."

"सिगार असते तर काय पाहिजे होतं."

मुलीने हिरव्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. "हा तरी ठेवा तसाच. आठवण म्हणून."

"सिगार ठेवायला नसतो."

"मग ओढा."

"ओढला की संपला."

"अहो, मग तुम्हाला करायचंय तरी काय?"

याचं उत्तर काकांकडे होतं, पण ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना तो ओढायचा होता, ओळखायचा होता, आणि दारातून कोणीतरी वर न बघता 'चुकलात' म्हणायला हवं होतं. तिने मांडलेल्या खेळातला हा शेवटचा डाव उरला होता. तो ठेवला तर वाळून जाणार आणि खेळला तर संपणार.

दुसऱ्या दिवशी काका तो रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने सिगार कानाशी धरून हलकेच दाबला आणि करकर ऐकली. काकांपेक्षा वयाने लहान, पोट सुटलेला, एरवी सतत बोलणारा माणूस. पण दोरा बघितल्यावर त्याने काही विचारलं नाही.

"वाचेल," तो म्हणाला. "फक्त घाई नको. एकदम ओल दिली तर आतला भरणा फुगतो आणि पान फाटतं. माझ्या दमट कपाटात खालच्या फळीवर राहू दे, तिथे ओल कमी असते. मग हळूहळू वर घेऊ."

"म्हणजे इथे ठेवून जाऊ?"

"हो मग."

काका उभेच राहिले. पुन्हा कोणाला तरी दुसऱ्याच्या हवाली करून एकट्याने घरी परत जायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. दुकानदाराला ते कळलं असावं. तो म्हणाला, "रोज या ना भेटायला. मी कुठे नाही म्हणतोय?"

काका खरंच रोज जाऊ लागले. चार वाजता कपडे करून निघायचे, काचेच्या कपाटासमोर उभे राहायचे. दुकानदार गल्ल्यावरून ओरडायचा, "आज पेशंटची तब्येत बरी आहे! काल जरा कुरकुरत होता!" गिऱ्हाइकं माना वळवून बघत. काकांनाही हसू यायचं, कितीतरी दिवसांनी. सिगार एका फळीवरून दुसऱ्या फळीवर चढला, आणि एके दिवशी दुकानदाराने तो त्यांच्या हातावर ठेवला. दाबला तर बोटाला हलकेच दबत होता आणि परत भरून येत होता.

"आता न्या. आणि ओढा हो, काका. पुन्हा वाळला तर माझ्या बापाच्यानेही वाचायचा नाही."

रविवार आला. मुलगी आत कपड्यांना इस्त्री करत होती. काका गॅलरीत बसले. दोरा सोडवावा की नाही याचा त्यांनी पुष्कळ विचार केला, आणि तो तसाच ठेवून सिगारच्या तोंडावरची पानाची टोपी कापली. पेटवताना तो एका बाजूने जास्त पेटला. हळूच फुंकर घालून त्यांनी कड सरळ करून घेतली.

पहिल्या झुरक्यांना काही चवच लागेना. त्यांना वाटलं, मेला हा. मग धूर तोंडात घोळवला तशी कुठून तरी मिरी आली, मिरीच्या मागून जुन्या लाकडाचा वास, आणि बऱ्याच उशिराने, अगदी फिका, बदाम. इतके दिवस वाळूनही त्याने तेवढं धरून ठेवलं होतं. काकांचे डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त करायला तिथे कोणी नव्हतं.

अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "मिशीवाला."

मोठ्यानेच म्हणाले. आतून इस्त्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मला काही म्हणालात का?"

"नाही गं."

मुलगी दारापर्यंत आली आणि बापाकडे बघून आत गेली. काका थांबले. खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. समोरच्या घरी कोणीतरी गादी झटकत होतं. त्यांनी आणखी एक झुरका घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "थांब. जहाज असेल." पुन्हा थांबले. आग दोऱ्याजवळ आली तेव्हा त्यांनी नखाने गाठ सैल केली आणि दोरा खाली सरकवला. मग आणखी खाली. शेवटी बोटांना चटका बसायला लागला. सिगार विझवायला चुरगळायचा नसतो, तो आपोआप विझू द्यायचा असतो. काकांनी तो ताटलीच्या कडेला ठेवला आणि पूर्ण विझेपर्यंत तिथेच बसून राहिले.

परीक्षण त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. त्यात मिरी होती, लाकूड होतं, सुरुवातीची मुकी चव होती. 'वाळवून पुन्हा जगवलेला आहे, दोष परीक्षकाचा,' हेही प्रामाणिकपणे लिहिलं. बदामाबद्दल जरा जास्तच लिहिलं गेलं. आपण मिशीवाला ओळखला हे लिहिलं. खाली खरं नाव लिहायची जागा असते, ती तेवढी मोकळी सोडली.

दोन दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. आधी त्याने परीक्षणाची तारीफ केली, मग घसा साफ केला.

"काका, नावाची जागा कोरी आहे."

"तशीच छापा."

"नाही, म्हणजे..." तो अडखळला. "सिगार माझ्याच दुकानातले ना. कपाटात इतके दिवस माझ्या नजरेसमोर होता. पानावरून मला कळलं होतं कोणता ते. मुद्दामच बोललो नाही. सांगू का?"

काकांनी नुसतं हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. आपण बरोबर ओळखलं की नाही, हे कळल्यावाचून त्या दोन रात्री त्यांना धड झोप लागली नव्हती. 'मिशीवाला' म्हणून झाल्यावर आलेली ती शांतता त्यांच्या कानात तशीच होती, आणि पलीकडे एक भला माणूस ती भरून द्यायला तयार होता.

"नको," ते म्हणाले.

"अहो, नाव नको तर नको. नुसतं बरोबर की चूक, एवढं तरी?"

"ते तिने सांगायचं होतं हो."

फोनमधून दुकानदाराच्या दारावरची घंटी ऐकू आली. कोणीतरी आत आलं असावं. "बसा, आलोच," असं तो त्या माणसाला म्हणाला, आणि मग पुन्हा फोनमध्ये, हळू आवाजात, "काका? आहात ना?"

"आहे," भिंगकाका म्हणाले.