मास्तर आणि टीव्हीतली सफरचंदं

"अरेरे! सफरचंद पडलं! आजोबा, हात आणखी वर!" टीव्ही म्हणाला.

"कोण रे तुझा आजोबा?" मास्तर म्हणाले.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपी. चव्वेचाळीस वर्षं कोट शिवून उजवा खांदा असा धरला होता, की केस विंचरायचे तर डोकंच कंगव्यापाशी न्यावं लागे. गोळ्या झाल्या, शेक झाले, तीन तऱ्हेची तेलं झाली. शेवटी फिजिओबाईंनी घरी हा खेळ लावून दिला. टीव्हीवर कॅमेरा, टीव्हीत झाड. समोर उभं राहून, हात उंच करून पडणारी सफरचंदं झेलायची. रोज वीस मिनिटं, सहा आठवडे. गुण परस्पर बाईंच्या दवाखान्यात जायचे.

दुकानाची किल्ली मुलीच्या पर्समध्ये. "बाई हो म्हणाल्या तर उघडा. नाहीतर दुकान माझ्या मैत्रिणीला द्यायचं. दुखणं अंगावर काढलंत तेवढं पुरे, बाबा."

म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचं दुकान आता सफरचंदांच्या हातात!

दोन आठवड्यांत मास्तरांच्या नाकी नऊ आले. खांद्यातून कळ निघायची ती पार करंगळीपर्यंत, आणि वर तो बालवाडीतल्या बाईंसारखा लाडिक आवाज.

"अहो, झाडाला शिव्या कशाला देता? त्याला ऐकू येत नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तेच तर दुखणं आहे!"

मास्तरांचा धंद्यातला बाणा एकच: वीतभर कापडात भागत असेल तर हातभर फाडायचं नाही. तिसऱ्या सोमवारी त्यांनी कापड मोजायची लाकडी मीटरपट्टी उचलली, कोपर बरगडीला चिकटवलं आणि पट्टी वर केली. कॅमेऱ्याला हात कुठला नि पट्टी कुठली, काही कळेना. टप, टप, टप!

"शाब्बास आजोबा!"

"आता कसा वठणीवर आलास!"

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, ही लबाडी झाली."

"याला काटकसर म्हणतात."

सहाव्या आठवड्याच्या शेवटी फिजिओबाईंचा फोन आला. "काका, नऊशे गुण? पंचविशीतल्या पोरांना जमत नाही हो! खुशाल उघडा दुकान. पुढच्या महिन्यात या दाखवायला."

किल्ली मिळाली. पहिलंच गिऱ्हाईक ताडमाड, त्याला कोट हवा होता. मास्तरांनी टेप घेऊन हात उचलला. हात छातीपाशी आला आणि तिथेच संपावर गेला. डाव्या हातानं कोपर ढकलून पाहिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"जरा... स्टुलावर बसता का?"

गिऱ्हाईक बसलं. मास्तर त्याच्या पाठीची लांबी मोजू लागले.

"मास्तर, कोट मी उभ्यानं घालणार आहे हो."

"मग उभे राहा ना! बसायला कुणी सांगितलं?"

गिऱ्हाईक उभं राहिलं. टेप हातातून सुटला. "घाई नाही, येतो नंतर," असं पुटपुटत ते निघून गेलं. 'नंतर' म्हणजे कधी, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही.

मास्तर आधी गिऱ्हाइकाच्या उंचीवर चिडले, मग कॅमेऱ्यावर, मग बाईंवर. एवढ्या सगळ्यांवर चिडून झाल्यावर दुकानात ते एकटेच उरले. त्यांनी फोन लावला.

"बाई, मला परत पहिल्या पायरीवर घाला."

"का हो काका?"

"हात वर जात नाही."

"आणि ते नऊशे गुण?"

"ते पट्टीचे."

पलीकडून दाबलेलं खुसखुसणं. "काका, तुमची पट्टी ठणठणीत बरी आहे. तिला आता बोलवत नाही. तुम्ही मात्र उद्या या."

घरी हे ऐकून मुलगी हसली नाही. तिनं नुसता तळहात पुढे केला. मास्तरांनी त्यावर किल्ली ठेवली.

"आणखी सहा आठवडे," ती म्हणाली. "आणि आता समोर मी बसणार."

"बस. तूही शिव्या ऐक."

दवाखान्यातून आल्यावर मास्तर रिकाम्या हातानं झाडासमोर उभे राहिले. हात छातीपर्यंत आला, कळ आली, दातओठ खाऊन त्यांनी तो बोटभर वर रेटला. सफरचंद कानाजवळून खाली गेलं.

"अरेरे!"

"अरेरे काय अरेरे! जरा हळू टाक की मेल्या!"

"बाबा, हात खाली आला."

"दिसतंय मला. नेतोय परत."