रस्त्याच्या अलीकडची दोन घरं

रस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्या अलीकडे दोनच घरं उरली. एक माझं, दुसरं आक्कांचं. बाकीचं गाव, शाळा, दवाखाना, किराणा, सगळं पलीकडे. आक्कांचं शेतही पलीकडे. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. पती आधीच गेलेले. आक्कांचा मुलगा पुण्याला. त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींच्या आधाराने राहत होतो.

पूर्वी तो रस्ता इतका अरुंद होता की मी अंगणात भाजी निवडत पलीकडच्या बाईशी गप्पा मारायचे. आता समोरचं माणूस हात हलवताना दिसायचं, आवाज यायचा नाही. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, शनिवारी सोनईकडून शनीच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मी कडेला पंधरा-वीस मिनिटं उभी राहायचे, आणि कितीदा तरी तशीच घरात परतायचे. बिनकोथिंबिरीची आमटी खाताना रडू यायचं, आणि स्वतःचाच राग यायचा.

एका सकाळी आक्का भाकरीचं फडकं घेऊन शेताकडे निघाल्या आणि एका मोटारीने त्यांना उडवलं. मोटार थांबली नाही. मी धावले तेव्हा त्या पांढऱ्या पट्ट्यावर पडल्या होत्या आणि म्हणत होत्या, "बाई, आदी माझं लुगडं नीट करा." पाय दोन ठिकाणी मोडला होता. नगरला नेऊन आत रॉड घातला.

त्यानंतर मी अर्ज लिहायला बसले. आयुष्यभर मुलांना पत्रलेखन शिकवलं होतं, वाटलं, नीट लिहिलं तर कुणीतरी ऐकेल. गतिरोधक हवा, एवढंच मागणं. सरपंचांनी अर्ज वाचून परत माझ्याच हातात दिला.

"बाई, रस्ता आपला न्हाई. आपली हद्द गटारापतूर."

बांधकामाच्या कचेरीतले साहेब शांतपणे म्हणाले, "राज्य महामार्गावर असा गतिरोधक टाकता येत नाही. शिवाय गावातला हा तुकडा आम्ही वर्ग करणार आहोत."

"कुणाकडे?"

"तेही ठरेल."

ज्यांच्याकडे वर्ग व्हायचा असं कळलं, त्यांच्याकडे गेले, तर कागदच आलेले नव्हते. अर्जाची एक प्रत पोलिसांनाही दिली होती, उत्तर दिलं ते फक्त त्यांनी. एक दिवस वेग टिपणारी कॅमेऱ्याची गाडी आली आणि दवाखान्याजवळच्या चिंचेखाली उभी राहू लागली.

मला आनंद झाला, तो आठवडाभर टिकला. बाहेरच्या गाडीवाल्यांना कॅमेरा कुठे असतो ते लवकर कळलं. लांबूनच ते वेग कमी करायचे आणि आमच्या दारापुढे येईपर्यंत पुन्हा सुसाट सुटायचे. सापडली ती गावातलीच माणसं. दूधवाल्याला चलान आलं, गिरणीवाल्याला आलं, सरपंचांच्या पुतण्याला दोनदा आलं. मग माझ्याही मोबाईलवर फोटो आला. माझी स्कूटर, खोचलेला पदर, हँडलला आक्कांच्या औषधांची पिशवी. दोन ट्रॉल्यांच्या मधून रस्त्यावर शिरायचं तर मूठ पिळावीच लागते. त्या क्षणाचाच फोटो होता.

माझं चलान कुणी मोजलं नाही. बाईंनी कॅमेरा आणला, एवढंच गावात राहिलं. दूधवाला रस्त्याच्या अलीकडे यायचा बंद झाला. माझ्या हाताखाली शिकलेली गिरणीवाल्याची सून मला बघून आत निघून गेली. रस्त्यामुळे अडकले होतेच, आता पलीकडे पोचले तरी कुणाकडे जायचं ते कळेना.

शेवटी गाडी हटवा म्हणून मी स्वतःच ठाण्यात गेले. तिथला हवालदार चांगला होता. त्याने खुर्ची दिली. "मॅडम, ग्रामपंचायतीचं पत्र आणा, लगेच बघू."

सरपंच म्हणाले, "रस्ता आपला न्हाई म्हन्ल्यावर पत्र कसं देनार?"

मी घरी येऊन पायरीवर बसले. आक्का त्यांच्या ओट्यावरून रस्त्यापलीकडे बघत होत्या. रॉड घातल्यापासून त्यांचा दिवस तिथेच जायचा. शेत त्यांचा पुतण्या करत होता. "कडंच्या वाफ्याला पानी बसंना," त्या म्हणायच्या. ट्रॉली गेली की शेत दिसायचं, पुढची आली की झाकायचं.

"न्हाई देत का पत्र?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी काठीने ओढ्याकडे दाखवलं, "वढ्याची मोरी हाय की."

ओढा आमच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर रस्त्याखालून, सिमेंटच्या मोरीतून जातो. उन्हाळा असल्याने कोरडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आक्कांना धरून उतारावरून खाली नेलं. काठी, मग बूड टेकवून सरकणं, मग पुन्हा काठी. मोरीत वाकूनच चालावं लागत होतं. आत गारवा होता, शेळ्यांच्या लेंड्यांचा वास होता. मध्यावर पोचलो तोच डोक्यावरून भरलेली ट्रॉली गेली. सिमेंट थरथरलं, माझ्या केसांत माती पडली. मी आक्कांचा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आपण इथेच राहणार.

"चला," आक्का म्हणाल्या, "माझी कंबर भरली."

पलीकडे बाहेर पडलो तेव्हा त्या शेताच्या बांधावर बसल्या आणि चपला काढून दोन्ही पाय ढेकळांत ठेवले. पुतण्या पळत आला. त्याला त्या पाण्यावरून भरपूर बोलल्या. मी तेवढ्यात दुकानात जाऊन आले. दुकानदाराने माझ्या केसांतली माती पाहिली आणि कोथिंबीर जास्त घातली.

आता आम्ही आठवड्यातून दोनदा तशाच जातो. कॅमेऱ्याची गाडी कधी असते, कधी नसते. गावातला तुकडा अजून कुणाकडेच वर्ग झालेला नाही. परवा ओढ्याला वरून थोडं पाणी आलं. आक्का काठावर उभ्या राहून बघत राहिल्या आणि मग आम्ही घरी परतलो. आता पावसाळाभर ओट्यावर बसायचं. मी पुन्हा एक अर्ज लिहायला घेतला आहे, या वेळी कुणाच्या नावे लिहायचा ते ठरत नाही.