थेल्मा कॉटरिलनं जुळवलेला लाल

इंग्लंडमधल्या लीक गावातल्या रेशमाच्या रंगाई कारखान्यात थेल्मा कॉटरिलनं एकेचाळीस वर्षं काढली. धाग्याची लड खिडकीशी धरून ती जर म्हणाली, की यात पिवळा जरा जास्त झालाय, तर मोठा रंगारीसुद्धा मुकाट्यानं सगळा हौद रिकामा करायला लावायचा. नजर तशी होती. जीभही.

ती एकोणीस वर्षांची असताना कारखान्याकडे एका सिनेमाचं काम आलं. समुद्री चाचे, खजिना, कड्यावरची तलवारबाजी, असा तो सिनेमा. त्यातल्या कप्तानाच्या पायघोळ झग्याचं रेशीम रंगवायचं होतं. तीन वेळा कापड परत आलं, चौथ्यांदा पसंत पडलं. तो चौथा रंग थेल्मानं जुळवलेला. सिनेमा गावात लागला तेव्हा तिनं तो अकरा वेळा पाहिला. कप्तान कड्यावर उभा राहायचा, वारा सुटायचा, आणि अख्खा पडदा डाळिंबी होऊन जायचा. पुढे लग्न झालं, नवरा गेला, कारखाना बंद पडला, तरी सिनेमाचा विषय निघाला की ती म्हणायची, "त्यात काम कुणी केलंय ते मला विचारू नका. झगा माझा होता."

टीव्हीवर तो आला तेव्हा काळा-पांढरा. मग व्हिडिओ कॅसेट निघाली, तिच्यात झग्याचा रंग शेजारी उभ्या असलेल्या माणसांवर ओघळायचा. थेल्माला चौऱ्याऐंशी वर्षं झाली तेव्हा शेजारच्या रसेलनं, हा निवृत्त बस ड्रायव्हर, वाढदिवसाला त्या सिनेमाची नवीकोरी ब्लू-रे डिस्क आणून दिली. मूळ निगेटिव्हवरून सिनेमा नव्यानं उजळलाय, असं वर लिहिलेलं. दोघं ओटची धिरडी आणि चीज घेऊन टीव्हीपुढे बसले. चित्र इतकं स्वच्छ, की तलवारीच्या मुठीवरचे ओरखडे मोजावेत. मग कप्तान कड्यावर आला आणि थेल्मानं ताटली खाली ठेवली. झगा विटकरी होता. नीट पाहिलं तर विटकरीही नाही, चहाच्या चोथ्याच्या रंगाचा.

"थेल्माबाई," रसेल म्हणाला, "दोष डिस्कचा नाही, तुमच्या मोतीबिंदूचा आहे."

दोन वर्षं टाळलेलं ऑपरेशन थेल्मानं त्या एका वाक्यापायी उरकून घेतलं. पट्टी निघाल्यावर तिनं आधी रसेलला सांगितलं, की तू ज्याला पांढरा समजतोस तो तुझा शर्ट पांढरा नाही. मग डिस्क लावायला लावली. झगा चोथ्याचाच निघाला.

तिनं डिस्क काढणाऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं आणि जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या वहीतून त्या रेशमाची चिंधी सोबत जोडली. पंधरा दिवसांनी फिलिपा वेन नावाची बाई लॅपटॉप घेऊन दारात हजर. डिस्कसाठी सिनेमाचे रंग तिनंच नव्यानं लावले होते. तिनं अदबीनं सांगितलं, की मूळ झगा एका संग्रहालयात आहे, अंधाऱ्या खणात ठेवलेला, अजिबात न विटलेला, आणि आपण त्याच्याशीच रंग जुळवलाय. मग चिंधी टेबलावर ठेवली.

"मिसेस कॉटरिल, तुम्ही पाठवलेली चिंधीही विटकरीच आहे."

रसेल खिडकीबाहेर बघू लागला. थेल्मा मात्र हसायला लागली.

"अगं पोरी, विटकरी मीच केला होता तो. म्हणून तर चौथ्यांदा पसंत पडला."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या वेळच्या कॅमेऱ्यात लाल भडकायचा. पहिली तिन्ही कापडं खरी लाल होती, ती पडद्यावर निखाऱ्यासारखी पेटली, कप्तानाचा चेहराच दिसेना. कपड्यांचं बघणारा माणूस हात जोडून म्हणाला होता, मला खिडकीशी दिसणारा लाल नको, पडद्यावर दिसणारा हवा. म्हणून थेल्मानं त्यात थोडा तपकिरी आणि कळेल न कळेल इतका हिरवा घालून त्याचा भडकपणा मारला.

"तुम्ही कापड बघून सिनेमा रंगवलात," ती म्हणाली. "आम्ही सिनेमा बघून कापड रंगवलं होतं."

फिलिपानं लॅपटॉप उघडला. दुपारभर थेल्मा शेजारी बसून सांगत होती, अजून थोडा, थांब, मागे ये. झगा डाळिंबीकडे सरकू लागला तसा समुद्रही निळा झाला, आणि इतका वेळ मेणाचे वाटणारे चेहरे माणसांचे दिसू लागले. रसेलनं तीनदा चहा केला.

सात महिन्यांनी सुधारलेली डिस्क निघाली, जुनी परत देणाऱ्यांना बदलूनही मिळाली. चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावून चाळीसेक माणसांनी ती एकत्र पाहिली. कप्तान कड्यावर आला, वारा सुटला, आणि थेल्माच्या बाजूच्या बाईनं तिचा हात धरला. थेल्मानं तो सोडवून घेतला नाही.

दिवे लागल्यावर रसेलनं विचारलं, झालं ना समाधान?

"झगा बरोबर आहे," थेल्मा कोट चढवत म्हणाली. "सैनिकांचे पिवळे डगले भयंकर आहेत, पण त्यात डिस्कवाल्यांची काही चूक नाही. ते पलीकडच्या मॅक्लसफील्डच्या कारखानेवाल्यांनी रंगवलेत."