पट्ट्यावरचे पाच किलोमीटर

उत्तरा सुखदेवेचं काम लोकांना पळवायचं. रामदासपेठेतल्या एका हृदयाच्या दवाखान्यात, तळघरात, तिची टीएमटीची खोली होती. पेशंटच्या छातीला इलेक्ट्रोड चिकटवायचे, त्याला ट्रेडमिलवर चढवायचं आणि स्क्रीनवरच्या रेघांवर नजर ठेवायची. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढे, चढही वाढे.

"काका, खाली नका पाहू, समोर पहा," ती सांगे. समोर भिंत होती. काका भिंतीकडे पाहत धापा टाकत. असे दिवसाला बारा-चौदा जण. या कामाला आता सोळा वर्षं झाली होती.

ती कोराडीची. वडील, लहानू, वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायच्या कामावर होते. शाळेत असताना उत्तरा पंधराशे मीटर धावायची. पहाटे राखेच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सराव करून आली की नाक शिंकरल्यावर काळं निघायचं. विभागीय स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला होता. पुढे वडील गेले, तिने टेक्निशियनचा कोर्स केला, नोकरी लागली. धावणं नेमकं कधी सुटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घरी आता आई, भीमाबाई. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वॉकर धरून चालते आणि एकटं राहायला घाबरते. सकाळी आईची आंघोळ, जेवण, औषधं उरकून उत्तरा सातची बस धरायची. दिवसभर शेजारची शामला अधूनमधून डोकावायची. संध्याकाळी उत्तरा परतेपर्यंत आई दाराकडे तोंड करून खाटेवर बसलेली असे. दहा मिनिटं उशीर झाला की फोन, "कुठं अडकली वं?"

एकदा दुपारी पेशंट आलाच नाही. मशीन सुरूच होतं. उत्तराने चपला काढल्या आणि सहज पट्ट्यावर चढली. दुसऱ्या दिवशी पिशवीत बूट घेऊन आली. मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती दार लावून धावू लागली. कुणी आलं तर रिसेप्शनवरची मेघा खाली फोन करायची. पट्टा ठरलेल्या वेगाने पायाखालून सरके, वर एसीचा गारवा. दीड महिन्यात पाच किलोमीटर अठ्ठावीस मिनिटांत होऊ लागले. ते दिवस बरे गेले. डब्यातली भाजी गार झालेली असायची, पण तिचं काही वाटत नसे.

सप्टेंबरच्या शेवटी दवाखान्याने हृदय दिनाची दौड ठेवली, रामदासपेठेहून प्रताप नगरच्या मैदानापर्यंत, पाच किलोमीटर. आईजवळ शामलाला बसवून उत्तरा गेली. मेघा सगळ्यांना सांगत होती, "पाहजा, आमची उत्तराताई कशी धावते!"

झेंडा पडला आणि ती सुसाट निघाली. रस्ता मोकळा, कडेला झाडं, अंगावर वारा. पहिला किलोमीटर कसा गेला कळलं नाही. मात्र वेग किती हे सांगणारा आकडा समोर नव्हता, आणि आपला वेग आपणच आवरायची सवय मोडली होती. दुसऱ्या किलोमीटरला ऊन चढलं. दमट हवेत श्वास पुरेना. तोच वारा आता तोंडावर येऊन मागे रेटू लागला. रस्त्यात खड्डा आला, मग गतिरोधक, मग उखडलेली गिट्टी. प्रत्येक पाऊल वेगळं पडत होतं. मशीनवर पट्टा पाय मागे ओढून न्यायचा. इथे स्वतःला पुढे रेटावं लागत होतं. तिसऱ्या किलोमीटरला डाव्या पोटरीत असा गोळा आला की ती दुभाजकावर बसलीच. दवाखान्याचा लेखापाल, पोट सुटलेला माणूस, बाजूने हळूहळू पुढे निघून गेला. ती ॲम्ब्युलन्समधून मैदानावर पोचली.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. "चाळिशी आली ना? एकदा टीएमटी करून घ्या."

बदली टेक्निशियनने तिच्या छातीला इलेक्ट्रोड चिकटवले आणि तिचंच वाक्य तिला ऐकवलं, समोर पहा. उत्तराने पाहिलं. रंगाचा एक पोपडा सुटला होता, त्याखाली जुना हिरवा रंग होता. इतक्या वर्षांत ही भिंत तिने या बाजूने अशी कधी पाहिलीच नव्हती. दुपारी धावताना ती नेहमी आकड्यांकडेच बघायची. तिला एकदम गुदमरल्यासारखं झालं. "थांबव," ती म्हणाली. "अजून एकच स्टेज राहिली मॅडम." ती धावत राहिली.

रिपोर्ट नॉर्मल आला. पण या निमित्ताने दुपारचं धावणंही डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि दारावर सूचना लागली : मशीन फक्त पेशंटसाठी. उत्तराने वरच्या मजल्यावर, ईसीजीच्या खोलीत बदली मागितली. तिथे खिडकी होती. "तुमच्याइतकं मशीन कुणाला कळतं?" असं म्हणून डॉक्टरांनी अर्ज बाजूला ठेवला.

त्या रविवारी ती शामलाला म्हणाली, "अर्धा तास बसशील का वं आईजवळ?"

"काहून? कुठं जाऊन राहिली?"

"येते तलावाच्या रस्त्यानं जराशी धावून."

आई खाटेवरून ओरडली, "कोळशाचे ट्रक चालतात वं तिकडं! पडली-झडली त मले कोण पाहीन?"

उत्तराने बुटांची नाडी बांधली आणि निघाली. या वेळी मुद्दाम हळू. ट्रक आला की कडेला उतरायची, धूळ बसेपर्यंत चालायची, पुन्हा धावायची. श्वास लागला, पण पुरला. नाल्यावरच्या पुलाशी पोचली आणि मोबाईलचा गजर वाजला. पंधरा मिनिटं झाली होती. पुढे रस्ता सरळ आणि रिकामा होता. ती क्षणभर जागच्या जागी पाय हलवत राहिली. मग वळली.

घरी आई दाराकडे तोंड करून बसली होती.

"आली का वं? कुठवर गेली होती?"

"पुलापर्यंत."

"अन् मंग?"

"मंग वापस."

भीमाबाई तिच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नंतर वॉकर ओढून हळूहळू उठली, माठाशी गेली आणि पेला भरून तिच्यापुढे धरला.

"पाणी पे," ती म्हणाली.