कंदोरीचं पहिलं ताट

माळीवाड्याच्या स्टँडवरून पाथर्डीची एसटी धरली, ती पोटात जागा ठेवूनच. नागापूरच्या कारखान्यात माझ्याशेजारी काम करणाऱ्या संपतकडे कंदोरी (पिराला बोललेल्या बोकडाचं जेवण) होती. नात दुखण्यातून उठावी म्हणून त्याच्या आईने नवस बोलला होता, आणि ती उठली होती.

करंजीचा घाट ओलांडला की उघडं माळरान लागतं. फाट्यावर संपत मोटारसायकल घेऊन उभा होता. गावाबाहेर बाभळीखाली पिराचा ओटा. चुली पेटल्या होत्या, मसाला वाटून तयार होता, पण कोणी जागचं हलत नव्हतं.

इथला रिवाज असा, की बोकडावर सुरी फिरवायची ती मुलाणी चाचांनीच. पहिलं ताटही त्यांचंच. त्याशिवाय नवस फिटत नाही. चाचा सुरी घेऊन उभे होते आणि संपतचा चुलतभाऊ पोथी उघडून त्यांच्या आडवा आला होता.

"ह्यात लिवलंय. धर्माभायेरच्याच्या हातचं खायचं न्हाई."

चाचांचा मुलगाही मोबाईल काढून पुढे झाला. "आमच्यातबी लिवलंय, पिराच्या नावानं कापायचं न्हाई. अब्बा, चला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपत सांगायचा, दोघं एका बाकावर शिकलेले, आणि एकमत झालं ते यावर!

"अरे, पुढचं पान पण वाचा की! माणुसकीचंही लिहिलं असेल," मी ओरडलो.

"पाव्हणे, तुमी गप बसा," भाऊ म्हणाला. मी मागे सरलो. संपतने तर मानच वर केली नाही.

संपतची आई मात्र कडाडली. "पोर तापानं फनफनत हुती तवा ह्यो चाचा रोज हितं दिवा लावीत हुता. तवा कुटं हुती तुमची पुस्तकं?"

चाचांनी सुरी ओट्यावर ठेवली. "वहिनी, पोरगी बरी हाय ना? मंग नवस फिटला म्हना." आणि ते मुलाच्या मागे चालू लागले.

बोकड दुसऱ्याच कोणीतरी कापला. आईने पहिलं ताट वाढून ओट्यावर झाकून ठेवलं आणि स्वतः घास घेतला नाही. मी जेवलो. रस्सा फक्कड झाला होता, हे लिहितानाही स्वतःची चीड येते.

सावेडीला घरी आल्यावर देव्हाऱ्यातली आमची पोथी काढली. दर दसऱ्याला तिच्यावर झेंडू वाहतो, वाचली कधीच नव्हती. अर्ध्या तासात तसलीच ओळ सापडली. परक्याला शिवू नये, पंगतीला घेऊ नये.

त्या भावाने वाचून चाचांना हाकललं. मी न वाचताच त्याच पंगतीत जेवून आलो.