चुन्याच्या उत्तराचे दोन मार्क

एकोणीसशे साठच्या एप्रिलात, सातवीच्या शास्त्राच्या पेपरात, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीवर अन्याय झाला. उत्तर बरोबर असून तिला नापास केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की माझा राग मऊ पडतो.

आमचं गाव वणीजवळचं. तिची माय चुनाभट्टीवर कामाला. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी मायची भाकर घेऊन जायचो. भाजलेल्या दगडाचा तो कोरडा, घसा धरणारा वास अजून नाकात आहे. माय भट्टीतला भाजका दगड घमेल्यात टाकायची, आम्हाला मागे ढकलायची अन् वरून पाणी ओतायची. आधी काहीच नाही. मग दगड तडकायचा, वाफ उठायची, खाली विस्तव नसताना पाणी खदखदायचं. शेवटी उरायचं पांढरं पीठ. आम्ही टाळ्या पिटायचो. एवढी मजा मला पुढे कुठल्या जत्रेत आली नाही.

गुरुजीही वाईट नव्हते. मूलद्रव्यांचे गुण शिकवताना त्यांनी आमच्याकडून तांब्याची तार ठोकून घेतली होती, गंधकाचा खडा फोडून दाखवला होता. तार पसरली, गंधकाचा भुगा झाला. पण चुन्याच्या वेळी त्यांनी नुसतं वहीत उतरवून घ्यायला सांगितलं: पाण्यात मीठ, साखर, चुना, भौतिक बदल.

पेपरात तेच आलं. तिनं लिहिलं, "रासायनिक. उष्णता निघते. वाळवलं तरी पहिला दगड परत येत नाही." मी लिहिलं, "भौतिक." तिच्या शेजारी उभं राहून शंभरदा पाहिलं होतं, तरी लिहिलं. मला मार्क मिळाले. ती दोन मार्कांनी गेली.

निकालाच्या दिवशी माय डब्यात भाजका दगड घेऊन शाळेत आली.

"गुर्जी, पोट्टी काहून नापास केली?"

"बाई, चुना पाण्यात विरघळतो. मिठासारखा."

"मिठासारखा? मंग घाला न हात!"

तिनं शाळेच्याच बादलीत दगड टाकून वर पाणी ओतलं. बादली फसफसली तसे गुरुजी धोतर सावरत मागे सरले. पोरं फिदीफिदी हसली.

"आता वाळवा याले, अन् टाका पुन्हा पानी. उकळलं त खुशाल नापास करा. मिठाचं पानी आटवलं का मीठच भेटते, हे मले अडाणी बाईलेबी समजते."

गुरुजींनी वाकून बादलीच्या वाफेवर हात धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "बाई, तुझं खरं आहे. पण निकाल वर गेला. आता खोडता येत नाही."

ऐकलंत? खरं आहे, पण खोडता येत नाही! आणि मी दारात उभी होते, एक शब्द बोलले नाही.

जूनमध्ये ती शाळेत आली नाही. तोच वर्ग पुन्हा कशाला, असं म्हणून बापानं तिला मायसोबत भट्टीवर धाडलं. एकदा रस्त्यात भेटली. ओठ चुन्यानं फुटलेले.

"तुले त ठाऊक होतं," ती म्हणाली. "काहून नाई लिवलं?"

"मार्क गेले असते."

ती हसली. "माहे गेलेच न, बाई."

आज पंचवीस वर्षांनीही ती त्याच भट्टीवर आहे. मी सभांमधून शिक्षणावर बोलत फिरते. हे मला गिळवत नाही, तुम्हालाही गिळवू नये.

तेव्हा तुम्ही मास्तर असा, शाळेच्या कमिटीवर असा, की नुसते मायबाप असा, एक काम करा. निकाल वर जाण्याआधी तपासलेला पेपर पोरांच्या हातात द्या. पोरगी "मी पाहिलंय" म्हणाली तर तिच्यासमोर करून पाहा. मास्तरांची चूक निघाली तर मार्क बदला. या जूनला शाळा उघडायच्या आत हे हेडमास्तरांकडे लेखी मागा, आणि उत्तरही लेखीच घ्या.